आधी रिसेट मारून बघ

कारखान्यात सर्वांत जास्त मान कुणाला, असं विचारलं तर मालक स्वतःकडे बघतील, अकाउंटंट चेकबुकाकडे बघेल आणि कँटीनवाला कुणाकडेच न बघता चहा गाळत राहील. प्रत्यक्षात तो मान भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या एका करड्या पेटीला असतो. माणसापेक्षा उंच, दोन दारांची, कपाळावर दिव्यांची ओळ, छातीवर बटणं आणि पोटात वायरींचा गुंता. तिला पॅनेल म्हणतात. मालकांच्या केबिनचं दार कुणीही ढकलून आत शिरतं. पॅनेलच्या दाराला हात लावायचा तर आधी मामांना विचारावं लागतं.

मामा आमच्या ओव्हनचे ऑपरेटर. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा पावडर कोटिंगचा कारखाना आहे. म्हणजे मालकांचा आहे, मी तिथे क्वालिटी बघतो. पत्र्याचे, चॅनेलचे, ब्रॅकेटचे जॉब धुऊन-सुकवून कन्व्हेअरच्या हुकांना टांगायचे, त्यांच्यावर विजेचा भार दिलेली रंगाची पावडर उडवायची आणि ओव्हनमध्ये ती वितळवून पक्की करायची, असा हा धंदा. ओव्हन दोन टप्प्यांत आहे. पुढे गॅसचा इन्फ्रारेड आणि मागे गरम हवेचा लांबलचक बोगदा. इन्फ्रारेडमध्ये दोन्ही बाजूंना चिनी मातीच्या वड्यांचे बर्नर आहेत. वडीला बारीक बारीक भोकं असतात. गॅस आणि हवा एकत्र होऊन त्या भोकांतून येतात आणि पृष्ठभागावरच जळतात. वडी 900 अंशांच्या आसपास तापून लालभडक होते आणि तिच्यातून निघणारी अदृश्य उष्णता थेट जॉबवर जाऊन पडते. मधल्या हवेशी तिला फारसं देणंघेणं नसतं. मिनिट-दीड मिनिटात पावडर पाघळून जॉबला चिकटते. मग मागच्या बोगद्यातला पंखा कितीही घोंघावला, तरी ती उडून शेजारच्या जॉबवर जाऊन बसत नाही. पांढऱ्या जॉबवर काळा ठिपका दिसला की गिऱ्हाइकाचा फोन मला येतो, त्यामुळे या ओव्हनबद्दल मला मनापासून आदर आहे.

पॅनेलचा रंग मात्र आमचा नाही. पॅनेल बनवणाऱ्याने ते दुसरीकडून रंगवून आणलं. धंद्यात ज्याला सिमेन्स ग्रे म्हणतात तो रंग, आरएएल 7032. दिवसभर दुनियेचे जॉब रंगवणाऱ्या ओव्हनवर हुकूम चालवणारी पेटी स्पर्धकाच्या हातची आहे, हे मालकांना अजून खुपतं. मी एकदा गेज लावून तिच्या रंगाची जाडी मोजली. 70 मायक्रॉन, सगळीकडे सारखी, कोपऱ्यातसुद्धा. तो रिपोर्ट मी कुणाला दाखवलेला नाही.

पॅनेलच्या कपाळावर तीन दिवे अखंड जळत असतात: लाल, पिवळा, निळा. नवीन माणूस तो लाल दिवा बघून दोन पावलं मागे सरकतो. वास्तविक तो दिवा बरी बातमी देत असतो. विजेच्या तिन्ही फेज शाबूत आहेत, त्यातली ही एक. हा लाल दिवा विझला तर घाबरायचं. त्याच्या दोन वीत खाली दुसरा लाल दिवा आहे, बर्नर लॉकआउटचा. तो पेटला तर घाबरायचं. त्याच्या बाजूला एक लाल बटण आहे, ते रोजचं थांबवण्याचं. आणि पिवळ्या चकतीवर जे लाल छत्रीचं बटण आहे ते इमर्जन्सीचं. एकट्या लाल रंगाकडे एवढी खाती दिल्यावर गोंधळ व्हायचाच. एका नव्या हेल्परने विचारलं होतं, "मामा, नक्की कुठला लाल बघून पळायचं?"

मामा म्हणाले, "पळायचंच असंल तर रंग बघत बसू नको."

या पेटीचा मूळ स्वभाव संशयी आहे. तिच्या आत काय काय बसवलंय ते कळलं की माणूस थक्क होतो. गॅसच्या लाइनवर एकाऐवजी दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एकापुढे एक; कारण पहिला नीट बंद झाला असेल यावर कुणाचा विश्वास नाही. तापमान बघायला एक कंट्रोलर, आणि तो कंट्रोलर बिघडला तर म्हणून वर दुसरा, ज्याला फक्त जास्त तापलं की तोडायचं एवढंच काम. ज्योत दिसते का हे बघायला एक सेन्सर. पण गॅस सोडण्याआधी पॅनेल त्यालाच विचारतं, "काही दिसतं का?" तो "हो" म्हणाला की त्याचीच नोकरी गेली, कारण गॅस बंद असताना ज्याला आग दिसते, तो पुढे आग विझल्यावरही दिसते म्हणेल. हवेचा दाब सांगणाऱ्या स्विचचीही तीच गत. पंखा सुरू व्हायच्या आधीच त्याने "हवा आहे" असं सांगितलं, तर तो चिकटलाय हे उघड, आणि पुढचं काम बंद. एवढंच काय, लॅम्प टेस्ट नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की सगळे दिवे एकदम लागतात. म्हणजे ही बाई स्वतःच्या दिव्यांवरही विश्वास ठेवत नाही. त्या बटणावर आमच्याकडे आजही पॅकिंगचं प्लास्टिक तसंच आहे.

पॅनेलचा हा संशय आणि आपला "होतंय रे, चालतंय की" हा जन्मजात बाणा, यांची गाठ रोज सकाळी पडते. सर्वांत मोठी लढत शुक्रवारी होते. भोसरीत गुरुवारची सुट्टी. शुक्रवारी पहिल्या पाळीला ओव्हन थंडगार, कन्व्हेअर रिकामा, फॉस्फेटिंगच्या टाक्यांवर साय धरलेली आणि गिऱ्हाइकाचा टेम्पो गेटवर. मामा मेन स्विच टाकतात. तीन दिवे लागतात. इमर्जन्सीचं बटण पिळून मोकळं करतात, कंट्रोल ऑन दाबतात, एक्झॉस्टचा ब्लोअर सुरू करतात, मग ज्वलनाच्या हवेचा ब्लोअर. हवा ओके. गॅसचा दाब ओके. आता बर्नर पेटायला हरकत नाही, असं कुणालाही वाटेल. पॅनेलला वाटत नाही. स्क्रीनवर अक्षरं येतात: पर्ज चालू आहे. आणि उलटी मोजणी सुरू होते.

पर्ज म्हणजे पेटवण्याआधी ओव्हनमधली सगळी जुनी हवा बाहेर काढून टाकणं. अमेरिकेच्या एनएफपीए 86 या संहितेत भट्टीच्या घनफळाच्या किमान चौपट ताजी हवा आतून फिरवायला सांगितलं आहे. कारण साधं आहे. सुट्टीच्या दिवशी एखादा व्हॉल्व्ह किंचित गळला असेल, तर तो गॅस भट्टीतच साचून राहतो. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. हवेत तो 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीची वाट बघत बसतो. एलपीजीला तर जेमतेम 2 टक्के पुरतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालकांना ठाऊक आहे, सुपरवायझरला ठाऊक आहे, टेम्पोवाल्यालासुद्धा मामांनी एकदा समजावून सांगितलंय. तरीही पर्जची ती मिनिटं कुणालाच सोसत नाहीत. बिझनेस म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट हातपाय हलवून करायची असते, आणि इथे तर पैसे देऊन विकत घेतलेलं यंत्र आपल्याला नुसतं उभं राहायला सांगतं.

मालक घड्याळ बघतात. सुपरवायझर स्क्रीन बघतो. टेम्पोवाला मालकांकडे बघतो. शेवटी मालक म्हणतात, "मामा, हे थोडं कमी करता येत नाही का?"

"येतं की."

"मग?"

"कमी करून तुम्ही पेटवा. मी गेटवर उभा राहतो."

मालक फोन आल्यासारखं करून बाहेर जातात.

पर्ज संपला की पेटवणी. हा क्षण ऐकण्यासारखा असतो. आधी आतून स्पार्कची तडतड येते. मग व्हॉल्व्ह उघडल्याचा 'टक' असा आवाज. त्यानंतर मोजके सेकंद, संहितेप्रमाणे फार तर 15, पॅनेल श्वास रोखून सेन्सरकडे बघतं. ज्योत दिसली तर हिरवा दिवा लागतो आणि वड्यांवर आधी निळसर पडदा सरकतो, मग कडेकडेने लाली चढते आणि बघता बघता अख्खी भिंत नारिंगी होते. ज्योत दिसली नाही तर 'टक', व्हॉल्व्ह बंद, लाल दिवा, हूटर, लॉकआउट. आता रिसेट केल्याशिवाय पॅनेल तुमच्याशी बोलणार नाही.

रिसेटचं बटण निळं आहे. म्हणजे होतं. आता त्याचा मधला रंग उडून पांढुरका गोल दिसतो आणि भोवती पॅनेलच्या करड्या रंगावर बोटांची प्रभावळ उमटली आहे. त्या प्रभावळीत आमच्या महिन्याभराच्या ऑर्डरी वाचता येतात: काळी, पांढरी, ट्रॅक्टरवाल्यांची लाल, मधूनच थोडी पोपटी. लॉकआउट झाला की समोर जो उभा असेल त्याचा हात आपोआप तिकडे जातो. वॉचमन असला तरी जातो. रिसेट म्हणजे बिघाडाची दुरुस्ती, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक पॅनेल म्हणत असतं, "बर्नर पेटला नाही, का नाही पेटला ते बघा आणि बघितलंत की हे बटण दाबून मला कळवा." आपण न बघताच कळवतो. ते पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा रुसतं, आपण पुन्हा कळवतो. आमच्याकडे फोनवर ज्याला कुणाला बिघाड सांगाल, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी रिसेट मारून बघ." ओव्हनवाला हेच सांगतो, कॉम्प्रेसरवाला हेच सांगतो, आणि मला खात्री आहे की एक दिवस डॉक्टरही हेच सांगतील.

मामांची पद्धत निराळी. ते रिसेट एकदाच मारतात, तेही इग्निशनच्या इलेक्ट्रोडला हात लावून आल्यावर. बहुतेक वेळा गॅप वाढलेला असतो किंवा चिनी मातीच्या नळीवर पावडरचा थर बसलेला असतो. पावडर सगळीकडे बसते. सेन्सरवर बसते, फिल्टरवर बसते, पॅनेल थंड ठेवणाऱ्या पंख्यात बसते आणि दुपारच्या डब्यातल्या चपातीवरही बसते. मामा फडक्याने इलेक्ट्रोड पुसतात, येऊन बटण दाबतात आणि बर्नर पेटतो. बघणाऱ्यांना वाटतं, मामांच्या बोटात काहीतरी आहे. मामा ते फडकं कुणाला दाखवत नाहीत.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये वेगळ्या जातीचा गॅस इन्फ्रारेड आहे, कॅटॅलिटिक. त्यात प्लॅटिनमचा लेप दिलेल्या तंतूंच्या गाद्या असतात आणि गॅस त्यांच्यावर ज्योत न होताच जळतो. बाहेर पडते ती उष्णता, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. तिथे ठिणगी नाही, पण आधी विजेने गाद्या 15-20 मिनिटं तापवाव्या लागतात, तोवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. म्हणजे वाट बघणं कुणालाच चुकलेलं नाही. तिथल्या मालकांचं दुःख वेगळंच आहे. ओव्हन पूर्ण चालू असतानाही आत काहीच दिसत नाही. पाहुणे येतात, डोकावतात आणि विचारतात, "आज बंद वाटतं?" आमच्याकडचा पाहुणा ती नारिंगी भिंत बघून एकदम गप्प होतो आणि रेट कमी करायचं विसरतो.

खरी उष्णता न दिसणारी असते, हे मुळात कळलं तेही असंच. 1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाश पाडून रंगारंगांत थर्मामीटर ठेवून बघितले. हा गृहस्थ पेशाने संगीतकार; आकाश बघायचा नाद लागला आणि 1781 साली त्याने युरेनस शोधून काढला. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पारा चढत गेला हे ठीक. पण तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे तो आणखी वर गेला. सगळ्या इन्फ्रारेड धंद्याचा पाया हा. हर्शेलच्या पॅनेलवर फक्त थर्मामीटर होते. ना हूटर, ना रिसेट, ना मागे उभा राहून घड्याळ बघणारा मालक. म्हणून शोध लागला.

आमच्या पॅनेलवर तापमानाचे आकडे दोन असतात. वरचा म्हणजे आत्ता आहे तो, खालचा म्हणजे हवा आहे तो. वरचा खरा आणि खालचा आपला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पण इन्फ्रारेडमध्ये वरच्याचंही फार मनावर घ्यायचं नसतं. थर्मोकपल सांगतो ते स्वतःच्या टोकाचं तापमान. पावडर शिजते ती जॉबच्या तापमानावर. साध्या पॉलिएस्टर पावडरला धातू 200 अंशांवर साधारण 10 मिनिटं राहावा लागतो. धातू, हवा नव्हे. जाड चॅनेल सावकाश तापतो, पातळ पत्रा झटकन तापतो, आणि खाचेत किंवा दुसऱ्या जॉबच्या सावलीत जे लपलं ते कच्चं राहतं, कारण किरण वळण घेत नाहीत. म्हणून इन्फ्रारेडच्या झोनला अंशांऐवजी टक्क्यांत हुकूम द्यायचा असतो: पहिला झोन 70, दुसरा 60.

हे टक्के म्हणजे शॉपवरचा कायमचा तंटा आहे. प्रत्येकाला वाटतं, थोडे वाढवले की काम लवकर होईल. निसर्गाचा हिशेब तसा सरळ नाही. तापलेल्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. केल्व्हिनमध्ये मोजलेलं तापमान 10 टक्के वाढलं, तर उष्णता 46 टक्के वाढते. सुपरवायझरने "जरासं" वाढवलं की पांढरा जॉब बाहेर येतो तो दुधावरच्या सायीच्या रंगाचा. मी तो रिजेक्ट करतो. सुपरवायझर म्हणतो, "साहेब, हा ऑफ व्हाइट आहे." मी म्हणतो, ऑर्डर व्हाइटची आहे. तो म्हणतो, "गिऱ्हाइकाला विचारून बघा, आवडेल." कमी ठेवलं तर आणखी पंचाईत. जॉब दिसायला देखणा निघतो आणि सॉल्व्हंटचं बोट फिरवलं की रंग बोटावर येतो.

मध्यंतरी मालकांनी जॉबचं तापमान मोजायला इन्फ्रारेड गन आणली. ट्रिगर ओढला की लाल ठिपका पडतो आणि आकडा दिसतो. पहिला आठवडा गन मालकांच्याच हातात होती. त्यांनी ओव्हन मोजला, चहा मोजला, अकाउंटंटचं कपाळ मोजलं. मग नुसताच धुतलेला चकचकीत स्टीलचा जॉब ओव्हनमधून काढून मोजला. आकडा आला 70. मालक म्हणाले, "बघा, ओव्हन तापतच नाही!" आणि जॉबकडे हात नेला. मामांनी तो हात वरच्या वर धरला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी दाखवतो आणि गनला आसपासचं प्रतिबिंब पाजतो; पावडर लावलेला जॉब मात्र बराच प्रामाणिक असतो. तेव्हापासून गन माझ्या कपाटात आहे आणि किल्ली मामांकडे.

पॅनेलच्या स्क्रीनला पासवर्ड आहे. टक्के, टायमर, अलार्मच्या मर्यादा कुणीही बदलू नयेत म्हणून ओव्हन बसवायला आलेल्या इंजिनिअरने तो घातला आणि मालकांच्या कानात सांगितला. मालकांनी विसरू नये म्हणून सुपरवायझरला सांगितला. सुपरवायझरने पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवला. दाराला कुलूप आहे; किल्ली कुलपाला आहे. सध्या हा पासवर्ड दोन्ही पाळ्या, वायरमन, चहावाला पोरगा आणि मागच्या दिवाळीला काम सोडून गेलेले दोन हेल्पर यांनाच फक्त ठाऊक आहे. स्क्रीनचा उजवा खालचा कोपरा, जिथे ओके येतं, तिथे खड्डा पडलाय, कारण तिथे सगळे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचतात.

हूटर वाजला की काय करायचं, हे मॅन्युअलमध्ये क्रमाने दिलं आहे: अलार्म वाचा, कारण शोधा, दूर करा, अलार्म मान्य करा. आमच्याकडे पहिली पायरी म्यूट. मग शांततेत सगळे एकमेकांना विचारतात, "काय झालं होतं रे?" अलार्मच्या यादीत सर्वांत जास्त वेळा येतं ते कन्व्हेअर थांबल्याचं. कन्व्हेअर थांबला की पॅनेल बर्नर बंद करतं. नाहीतर 900 अंशांच्या वडीसमोर लटकलेला पातळ पत्रा भाजून निघेल. चालू ऑर्डर गडबडीची असली की हे शिस्तीचं वागणं फार डाचतं. एकमेकांवर अवलंबून असलेल्या या अटींना इंटरलॉक म्हणतात. तहसील कचेरीतल्या टेबलांसारखं आहे ते: गॅसला हवेचा दाखला लागतो, हवेला पंख्याचा, पंख्याला विजेचा, आणि एक कागद कमी पडला की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर.

कचेरीत जसे मधले लोक असतात, तशी इथे वायर असते. चार बोटं लांबीची. गॅसचा दाब कमी झाला म्हणून स्विच ट्रिप होतोय? त्याची दोन टोकं या वायरने जोडली की पॅनेलला वाटतं, दाब उत्तम आहे. याला जंपर मारणं म्हणतात. वसाहतीतल्या कितीतरी पॅनेलांच्या पोटात असे तुकडे आहेत; ऑडिटच्या आदल्या दिवशी ते निघतात आणि दुसऱ्या दिवशी परत बसतात. स्विच उगाच ट्रिप होत नसतो, हे कळायला एकच प्रसंग पुरतो. पण त्या प्रसंगानंतर कळून घ्यायला पॅनेलपुढे कुणी उरेलच असं नाही. विनोद इथे थांबतो.

आमच्याकडेही घाईच्या दिवसांत वायरमनने कुणाच्या तरी सांगण्यावरून असा तुकडा टाकला. मामांना तो दुसऱ्या दिवशी दिसला. त्यांनी मेन बंद केला, तुकडा काढला, त्याचं वेटोळं केलं आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"हे काय आहे?"

"विमा काढलाय का कारखान्याचा?"

"काढलाय की."

"मग ठेवा. ही पुन्यांदा बसली की तो लागंल."

स्विचचा दोष नव्हता. रेग्युलेटरच्या आधीचा फिल्टर तुंबला होता. फिल्टर बदलायला जेवणाच्या सुट्टीइतका वेळ लागला. वायर शोधायलाही साधारण तेवढाच लागला असणार.

खंडेनवमीला मात्र सगळे पॅनेलचे भक्त. सकाळपासून दारं पुसली जातात, हळदीकुंकवाची पाच बोटं उमटतात आणि झेंडूची माळ चढते. माळ अडकवायला पॅनेलवर बाहेर आलेली जागा एकच, इमर्जन्सीचं बटण. दर वर्षी माळेच्या वजनाने नाही, पण अडकवणाऱ्याच्या भक्तीने ते बटण दाबलं जातं आणि आरती चालू असताना कुणीतरी विचारतं, "लाइट गेली का?" गॅसच्या व्हॉल्व्हशेजारी 'धूम्रपान सक्त मनाई' अशी पाटी आहे, तिच्याच खिळ्यात अगरबत्त्या खोचायचा प्रघात होता. मामांनी तो बंद नाही केला. ते आधी गॅसचा मेन व्हॉल्व्ह बंद करतात, एक्झॉस्ट लावतात, पर्जएवढा वेळ मोजतात आणि मगच काडी ओढतात. भटजींना सुरुवातीला हे विचित्र वाटलं. आता तेच विचारतात, "झाली का हवा? करू सुरुवात?"

ओव्हन सुरू करायला जितका वेळ लागतो, तितकाच बंद करायलाही. स्टॉप दाबलं की बर्नर विझतात, पण पंखे चालूच राहतात. आतली उष्णता बाहेर गेल्याशिवाय पॅनेल त्यांना सोडत नाही. घरी जायची घाई असलेला माणूस थेट मेन पाडायला बघतो. मामा त्याच्या आणि मेनच्या मधे येऊन तंबाखू मळत उभे राहतात. तंबाखू मळून होते तोवर पंखे आपोआप बंद झालेले असतात.

पाळी बदलताना दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर येतो, रजिस्टर बघतो, सगळं ठीक असल्याची सही करतो आणि लगेच पॅनेलवरचा काळा नॉब थोडा डावीकडे फिरवतो. सकाळी पहिल्या पाळीवाला तो थोडा उजवीकडे फिरवतो. दोघांचं ठाम मत आहे की दुसऱ्याला सेटिंग कळत नाही. मीही कित्येकदा दोघांची समजूत घातली आहे. परवा वायरमन पॅनेल उघडून बसला होता, तेव्हा मी सहज आत डोकावलो. नॉबच्या मागे काहीच नव्हतं. दोन रिकाम्या टोकांना टेप गुंडाळलेली. स्क्रीन आली तेव्हापासून टक्के आतूनच ठरतात, नॉबचं कनेक्शन तेव्हाच काढलं. "मग नॉब का ठेवला?" मी विचारलं. वायरमनने मामांकडे बोट दाखवलं.

मामा शांतपणे म्हणाले, "लोकांना हात लावायला कायतरी पायजे, सायेब. नायतर खऱ्या ठिकाणी लावत्यात."

तेवढ्यात मालक एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. त्याची तक्रार होती की मागच्या लॉटला चमक कमी आहे. मालकांनी ते मन लावून ऐकलं, पॅनेलपुढे उभे राहिले, डोळे बारीक केले आणि तो काळा नॉब दोन रेघा उजवीकडे फिरवला. "आता बघा."

जॉब बाहेर आला. गिऱ्हाइकाने तो उजेडात तिरका धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हां, आता बरोबर आला. हे आधी का नाही केलं?"

मी मामांकडे बघितलं. ते रजिस्टरमध्ये खाली मान घालून लिहीत होते: 'सेटिंग केले. सही, मालक.'